बादलीतली दिवली

रेश्मा सिस्टरने निळी बादली ओट्यावर ठेवली, तेव्हा शेवंती कुबलला वाटलं, कुणीतरी कालवणाला मासळी पाठवली. ती पदराला हात पुसत पुढे आली आणि वाकून पाहू लागली. तळाशी चार बोटं वाळू, वर खारं पाणी, आणि वाळूत दोन डोळे. बाकी काही नाही. थोड्या वेळाने वाळू थरथरली आणि लिंबाएवढा एक जीव तिच्यातून उठला. गोल पाठ, मागे टोक नाही, दोन बाजूंना कानाच्या पाळ्यांसारखे पंख. अंगावर तपकिरी ठिपके उमटत होते, मिटत होते.

"ही माकूल," शेवंती म्हणाली. "एकट्या माकलीचा काय करू, सिस्टर? एका माणसाच्या वाट्याक येवची नाय."

"काकी, ही खायची नाही. ही काकांची नवी डॉक्टरीण आहे."

पाटथर बंदराच्या आरोग्य केंद्रात रेश्मा सोलकर चार वर्षं परिचारिका होती, आणि गेले पाच महिने एक दिवसाआड ती कुबलांच्या घरी येत होती ती वासुदेवच्या पायासाठी. वासुदेव शेवंतीचा नवरा. वय पंचाहत्तर, मधुमेह वीस वर्षांचा. खडपात, किनाऱ्याच्या खडकांत, चालताना कालवाच्या शिंपल्याची कड त्याच्या उजव्या तळव्यात घुसली ती त्याला कळलीसुद्धा नाही; पायाची जाणीवच गेली होती. संध्याकाळी ओट्यावर रक्ताचा ठसा दिसला तो शेवंतीला. तेव्हापासून ती जखम भरत नव्हती. त्या सुमारास जुनी प्रतिजैविकं बोथट झाली होती, हे माझ्या वयाच्या सगळ्यांना आठवत असेल. साध्या खरचटण्यालाही लोक घाबरत. जिल्ह्याच्या सर्जनने सांगितलं होतं, आणखी एक महिना बघू, नाहीतर पाय घोट्याच्या वर काढावा लागेल.

त्या एका महिन्यासाठी ही बादली आली होती.

सिस्टरने सगळं नीट समजावून सांगितलं, आणि शेवंतीने ते मासळीच्या माणसासारखं ऐकलं, म्हणजे अर्धं कानांनी आणि अर्धं बादलीत बघत. ही माकूल अंड्यातून बाहेर पडते ती अंधारी. तिच्या पोटाशी एक इवलीशी पिशवी असते, तिला दार असतं, आतून रुपेरी अस्तर असतं, पण आत काहीच नसतं. समुद्राच्या चमचाभर पाण्यात लाखो जिवाणू. त्या गर्दीतून हे पिल्लू पहिल्या काही तासांतच एका जातीचे तेवढे निवडून घेतं, बाकीच्यांना दारातूनच परत पाठवतं. आत घेतलेल्यांना अन्न देतं. ते वाढतात, आणि पुरेसे झाले की उजळतात. एकटादुकटा जिवाणू कधी उजेड करत नाही. आपण किती जण आहोत हे कळावं म्हणून प्रत्येक जण थोडं थोडं एक द्रव्य सोडत असतो; ते पुरेसं साठलं की सगळे मिळून पेटतात. रात्री माकूल पोहते तेव्हा हा उजेड तिच्या पोटाखाली पडतो, वरून येणाऱ्या चांदण्याएवढाच. त्यामुळे खालून बघणाऱ्या मोठ्या माशाला तिची सावली दिसत नाही.

शास्त्रज्ञांनी याच जिवाणूंना एक नवं काम शिकवलं होतं. जुन्या जखमेत हट्टी जंतू स्वतःभोवती चिकट पडदा विणतात आणि त्याआड बसतात. औषध तिथवर पोचत नाही. हे जिवाणू तो पडदा विरघळवत. थंड पाण्यातले जीव ते, अंगाच्या आतल्या उष्णतेत जगत नसत, म्हणून रक्तात शिरायची भीती नाही. मधुमेही माणसाचा गार पडलेला पाय मात्र त्यांना मानवे. अडचण एकच होती. काचेच्या भांड्यात वाढवले की चार पिढ्यांत ते शिकवलेलं विसरत. उजेड न करणारे, काम न करणारे ऐतखाऊ माजत. माकुलीच्या पिशवीत ते चालत नसे. जो उजळत नाही त्याला ती ठेवूनच घेत नाही. उजेड आणि काम या दोन्ही गोष्टी शास्त्रज्ञांनी एकाच धाग्यात ओवल्या होत्या, म्हणून तिच्या पोटात शिस्त टिकत होती. एवढं काम करणारा कारखाना कुणाला उभारता आला नाही, आणि मग माकूलच रुग्णाच्या घरी येऊ लागली. पाटथरच्या लोकांनी तिचं नाव ठेवलं दिवली.

"रोज पहाटे, दिवस उगवायच्या आत ती पिशवी रिकामी करते," सिस्टर म्हणाली. "विसातले एकोणीस भाग बाहेर टाकते. ते आपण घ्यायचे आणि पट्टीवर ठेवायचे. पण त्याआधी आदल्या दिवशीचं सगळं धुऊन काढायचं, उकळून निवलेल्या मिठाच्या पाण्याने. हे चुकवायचं नाही काकी. संध्याकाळी जखमेवर उजेड दिसेल, सकाळी धुवायचा. संध्याकाळी परत येईल."

आत खाटेवरून वासुदेवचा आवाज आला. त्या दिवसातलं त्याचं ते दुसरं वाक्य असावं.

"माकलीच्या गुवान माझो पाय बरो होतलो?"

"एवढ्या औषधांनी नाय झालो," शेवंती म्हणाली. "आता गुवान होता काय बघूया."

वासुदेव पूर्वी असा नव्हता. तो पाटथरच्या रापणीचा तांडेल होता. रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं जाळं, पाव मैल लांब. दोन्ही टोकांच्या दोऱ्यांना चाळीस चाळीस माणसं. बाया, म्हातारे, सुट्टीवर आलेले चाकरमानी, दोरीला ज्याने हात लावला त्याला मासळीचा वाटा, मग तो कोण कुठला हे कुणी विचारत नसे. पण जाळं कधी टाकायचं ते एकटा तांडेल ठरवी. वासुदेव खडपावर उभा राहून पाणी वाची. दिवसा रंगावरून, पक्ष्यांवरून, काळोख असेल तेव्हा चमकीवरून. थवा हलला की पाणी पेटतं, आणि जितकं पेटतं तितकी मासळी जास्त. मग तो खांद्यावरचा पंचा वर करी, आणि ऐंशी माणसं उठत. शेवंती सतराव्या वर्षी त्या दोरीला लागली ती त्या वर गेलेल्या हाताकडे बघत. तो तेव्हा बोलायचाही असा, की चहा निवून जायचा आणि लोक उठायचे नाहीत.

मग मासळी किनाऱ्याला येईनाशी झाली. बाहेरच्या मोठ्या बोटी तिला आधीच गाठत. माणसं हॉटेलांत कामाला लागली. रापणीचं जाळं कलमांच्या बागेत माकडं अडवायला गेलं, आणि वासुदेव गप्प झाला. भांडण नाही, दारू नाही. नुसता गप्प. पंचवीस वर्षं शेवंती त्या गप्प माणसाला जेवायला वाढत आली होती.

पहिल्या पहाटे ती दिवलीपुढे बसली तेव्हा तिच्या मनात विश्वास नव्हता, नुसतं कुतूहल होतं. सिस्टरने दाखवल्याप्रमाणे तिने माकुलीला काचेच्या वाडग्यात घेतलं आणि वाडगा पूर्वेच्या पायरीवर ठेवला. उजाडू लागलं. पाणी राखाडी झालं. दिवलीने एकदा अंग आवळलं आणि पोटाखालून पांढुरका धागा सोडला, शेवईसारखा. तो पाण्यात लोंबकळत राहिला. शेवंतीने तो ड्रॉपरने ओढून घेतला, पट्टीवर सोडला, आणि दिवलीला बादलीत परत ठेवलं. दिवली वाळूवर बसली, बाहूंनी दोन्हीकडची वाळू ओढून अंगावर घेतली, आणि झाली वाळू.

आयुष्यात शेवंतीने किती माकुली चिरल्या असतील त्याला गणती नव्हती. शाई काढायची, काटा ओढायचा, सोलायची. हात आपोआप चालायचे. एखादी माकूल असं पांघरूण घेते हे तिला सत्तर वर्षांत ठाऊक नव्हतं. नारळी पुनवेला दर्याला जोडायची तसे तिने बादलीला हात जोडले, आणि कुणी बघितलं तर नाही ना, म्हणून इकडेतिकडे पाहिलं.

कामाची वाटणी ठरून गेली. दिवली शेवंतीची, पाय वासुदेवचा. पायाला तो सिस्टरशिवाय कुणाला हात लावू देत नसे. उघड्या जखमेकडे बायकोने बघावं हे त्याला सोसत नव्हतं. मिठाच्या पाण्याची बाटली घेऊन तो काठीच्या आधाराने न्हाणीत जाई, धुऊन येई, आणि शेवंतीने दिलेली नवी पट्टी स्वतःच वर बांधी. दुपारी ओहोटीला ती खाडीत उतरून जुन्या मच्छरदाणीच्या तुकड्याने जिवंत जवळा धरी. दिवली मेलेलं खात नसे. संध्याकाळी जवळा बादलीत सोडला, की वाळूतून दोन बाहू विजेसारखे सुटत.

पहिला आठवडा बरा गेला. जखमेची कड गुलाबी दिसू लागली. सिस्टर खूश झाली आणि बहिणीच्या लग्नाला दहा दिवसांसाठी रत्नागिरीला गेली. रोज संध्याकाळी फोन करीन म्हणाली.

ती गेल्याच्या तिसऱ्या दिवशी भर दुपारी शेवंती जवळा घेऊन घरात आली, तर आत कुणीतरी बोलत होतं. खाटेवर घोंगडीचा डोंगर झालेला, आणि त्या डोंगरातून वासुदेवचा आवाज येत होता. तो एकटाच बोलत होता.

"हय ये," तो आतून म्हणाला. "घोंगडीत ये. पण पटकन, उजेड शिरता."

"सत्तर वर्सांची म्हातारी मी. माका घोंगडीत बोलवतत. कोणी बघल्यान तर?"

"बघूदे. घोवच आसय तुझो, दुसरो कोण नाय."

ती शिरली. आत उकडत होतं, लोकरीचा आणि मलमाचा वास होता, आणि त्या काळोखात वासुदेवचा पाय निळा पेटला होता. पट्टीच्या विणीतून उजेड झिरपत होता आणि त्यात त्याच्या दाढीचे खुंट दिसत होते.

"बायो जन्माक इली त्या वर्सा आठवता?" तो म्हणाला. "दर्या असोच पेटलेलो. तारली इतकी, की होडीक वल्हा मारूक येय ना."

आणि तो बोलत सुटला. तारलीचं वर्ष, त्या वर्षी जाळं फाटलं ते, जाळ्यात आलेली कासवीण आणि तिला सोडताना तिने घेतलेला दोरीवरच्या आबा नावाच्या गड्याच्या अंगठ्याचा चावा. शेवंती गुडघे पोटाशी घेऊन ऐकत होती. मध्येच ती हसली, तेव्हा तिचं तिलाच नवल वाटलं. पंचवीस वर्षांपूर्वीचा माणूस घोंगडीत परत आला होता.

पण ती मासळीच्या घरातली बाई होती, आणि तिला मोजमाप कळत होतं. सिस्टर म्हणाली होती, उजेड संध्याकाळी दिसेल. पहाटे धुतलं तर थोड्यांचे एवढे व्हायला दिवस जावा लागतो. भर दुपारी पाय पेटलाय, म्हणजे पहाटे धुतला गेलेला नाही. काल नाही, परवाही नाही. न्हाणीत नुसतं पाणी ओतल्याचा आवाज होत होता.

हे तिला त्या घोंगडीतच कळलं. ती काही बोलली नाही.

तिने स्वतःला समजावलं ते त्याच्याच हिशेबाने. उजेड जास्त म्हणजे मासळी जास्त. जास्त उजेड म्हणजे औषधही जास्तच असणार. पाटथरच्या कुठल्याही माणसाने तसंच मानलं असतं. पण खरं कारण ते नव्हतं. धुतलं असतं तर दुपार काळोखी झाली असती, आणि काळोख्या दुपारी वासुदेव बोलला नसता. संध्याकाळी सिस्टरचा फोन आला. रोज धुताय ना, असं तिने विचारलं. शेवंती म्हणाली, "धुतत तर." नंतरही ती रोज तेच म्हणाली. वास्कोहून लेकीचा, बायोचा, फोन आला, तेव्हा बापाने तिच्याशी अर्धा तास गप्पा मारल्या आणि लेक रडली. त्या आठवड्यात शेवंतीने देवापुढे दोन वाती जास्त लावल्या.

सिस्टर गेल्याच्या नवव्या दिवशी वासुदेवला ताप भरला. दुपारी पाय पेटलेला होता, कधी नव्हे इतका, पण तो त्याच्याकडे बघतही नव्हता. घोंगडीत वास बदलला होता. शेवंतीला कुजक्या मासळीचा वास ओळखायला शिकवायला नको होतं.

सिस्टर हातावरच्या लग्नाच्या मेंदीसह तशीच आली. तिने पट्टी काढली. वर जाड, चकचकीत निळा थर होता, सायीसारखा. तो तिने चिमट्याने उचलला. खाली मांस राखाडी होतं. तिने फोनवरून सर्जनला जखम दाखवली. त्यांनी सोमवारी दाखल करायला सांगितलं; पाय त्याच दिवशी काढू म्हणाले.

शेवंतीने मग सगळं सांगितलं. न्हाणीतला पाण्याचा आवाज, घोंगडी, तारलीचं वर्ष, फोनवरचं खोटं. तो आत तापात होता, ऐकत होता की नाही कोण जाणे.

सिस्टरने चिमटा खाली ठेवला. रागाने तिचं नाक लाल झालं होतं.

"मला एक सांगा काकी," शेवटी ती म्हणाली. "रापणीत मासळी भरून आली आणि तशीच दोन दिवस जाळ्यात ठेवली, तर?"

"कुजतली."

मग सिस्टरने सांगितलं. गर्दी हाताबाहेर गेली, की वरचे जिवाणू सगळी हवा खातात आणि खालचे गुदमरतात. गुदमरलेले काम सोडतात. वरचा थर उजळतच राहतो, पण तो उजेड छपरावरचा. खाली जुने हट्टी जंतू पुन्हा पडदे विणायला लागतात, आणि छप्पर एवढं लखलखीत, की कुणी आत डोकावत नाही. कोट्यवधी वर्षांच्या वहिवाटीत माकुलीला हे उमगलेलं आहे, म्हणून ती रोज पहाटे घर रिकामं करते. जे थोडे उरतात ते दिवसभर कामाला लागतात आणि तिन्हीसांजेला पुन्हा पुरे होतात.

तिने जखम खरवडून स्वच्छ केली, सलाइन लावलं, आणि सर्जनशी पुन्हा बोलली. शेवंतीला एवढंच ऐकू आलं की सिस्टर भांडत होती. फोन ठेवून ती म्हणाली, ताप दोन दिवसांत उतरला तर या सोमवारऐवजी पुढच्या सोमवारपर्यंत मुदत आहे. रोज धुवायचं, रोज नवं ठेवायचं. मग ती बादलीपाशी गेली आणि तिथे जास्तच वेळ थांबली.

"हिचंही वय झालंय काकी. ही तीन-चार महिनेच जगते. दुसरी द्यायला आज केंद्रात नाही, उन्हाने पाणी तापलं आणि पिल्लं गेली. हिला तोवर सांभाळा."

ताप दुसऱ्या दिवशी उतरला. वासुदेव शुद्धीवर आला तो हट्ट घेऊनच. पाय धुवायला तयार नाही. बायकोला हात लावू द्यायला तयार नाही.

"उजेड काढतलंस तर पाय पण काढून घी," तो म्हणाला. "भरलेली रापण कोण सोडता?"

शेवंतीने वाद घातला नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे तिने वाडगा पायरीवर न ठेवता त्याच्या खाटेपाशी आणला, खिडकी उघडली आणि त्याला बसतं केलं. एवढे दिवस दिवली घरात होती, पण त्याने तिला पाहिली नव्हती. माकूल म्हणजे गळाला लावायचं आमिष, पुरुषाने काय बघायचं तिच्यात.

खिडकीतून उजाडलं. दिवलीच्या पोटाखाली अजून पुसट निळं होतं. मग तिने अंग आवळलं, पांढरा धागा सोडला, आणि निळं विझलं.

"सगळा टाकल्यान?" त्याने विचारलं.

"विसातले एकोणीस वाटे."

"रोज?"

"रोज. तुमी झोपलेले असतात."

तो वाडग्यावर वाकला. पाणी वाचताना तो पूर्वी डोळे बारीक करी तसे त्याने केले. दिवली काचेच्या तळाशी बाहूंनी वाळू शोधत होती; वाडग्यात वाळू नव्हती. शेवंतीने तिला बादलीत सोडलं आणि बादली त्याच्याजवळ सरकवली. पांघरूण घेऊन ती दिसेनाशी होईपर्यंत तो बघत राहिला. मग त्याने घोंगडी बाजूला केली आणि पाय खाटेबाहेर काढला, तिच्या पुढ्यात.

पाच महिन्यांत प्रथमच शेवंतीने तो पाय हातात घेतला. गार होता, वजनाला हलका. तिने मिठाचं पाणी धरलं आणि धुऊन काढलं, कडेपर्यंत, आतपर्यंत.

ते दिवस मात्र पुन्हा मुके गेले. दुपारी काळोख, घोंगडी पायथ्याशी घडी घालून ठेवलेली. वासुदेव छताकडे बघत पडे. शेवंती मुद्दाम भांडी आपटी, मुद्दाम तारलीचा विषय काढी. तो हुंकार देई. पाय आणि बोलणं यांतलं एकच राखता येणार असेल तर आपण पाय राखला, असं तिने मनाशी म्हटलं, आणि त्याची तिला बोचणीही होती आणि नव्हतीही. पाय असला तर माणूस निदान ओट्यापर्यंत येईल.

शुक्रवारी तिने बादलीतली नारळाची छोटी करवंटी उलटून पाहिली. ती तिनेच सावलीसाठी टाकली होती. करवंटीच्या आत मोत्यांसारखी अंडी चिकटली होती, रांगेने, आणि त्यांवर वाळूचं पांघरूण. दिवलीने केव्हातरी केंद्रातच नर पाहिला असणार. त्या दिवसापासून तिने जवळा धरायचं सोडलं. ठिपके फिके झाले. शनिवारच्या पहाटे धागा अर्धाच आला. शेवंतीने चिमट्याने एक एक जवळा तिच्या बाहूंशी नेऊन धरला, तान्ह्याला भरवावं तसा. दिवलीने दोन घेतले, तिसरा सोडून दिला.

रविवारी तिला वाळू अंगावर ओढता आली नाही. शेवंतीने बोटाच्या टोकाने वाळू घेऊन तिच्या पाठीवर पसरली.

"आणि एक पहाट," ती बादलीत बघून म्हणाली. "मग तुका कोण कायच मागूचा नाय."

सोमवारी उजाडताना दिवली वाडग्यात जवळजवळ हललीच नाही. पूर्वेला तांबडं फुटलं. शेवंतीने ड्रॉपर हातात धरला. मग तो छोटा देह एकदा आवळला आणि केसाएवढा एक धागा सुटला. तेवढाच. तिने तो एक कणही न सांडता उचलला. पट्टी ठेवून ती परत आली तेव्हा वाडग्यातला जीव पांढरा झाला होता, आतून बाहेरून, जुन्या शंखासारखा.

दहा वाजता सिस्टर आली, पाय उघडला आणि फोन धरला. जखमेत तळापासून लाल, दाणेदार, ओलं मांस भरत होतं. सिस्टरने सर्जनला कडा दाबून दाखवल्या. पलीकडून बराच वेळ प्रश्न येत राहिले. मग सिस्टरने फोन खाली ठेवला, आणि तिचं नाक पुन्हा लाल झालेलं शेवंतीला दिसलं, पण या वेळी रागाने नव्हे.

"राहतोय पाय," ती म्हणाली. "आता नुसतं पाणी आणि पट्टी पुरे."

करवंटी तिने केंद्रात न्यायला मागितली. त्या अंड्यांतून पुढल्या महिन्यात तीस-चाळीस पिल्लं निघतील, तीस-चाळीस घरांत जातील. शेवंतीने ती ओल्या फडक्यात गुंडाळून दिली. दिवलीला मात्र तिने कुणाला हात लावू दिला नाही. गुडघाभर पाण्यात जाऊन तिने तिला ओंजळीतून सोडलं. खडपापाशी आत्ता कुठला तरी मासा टपलेला असेल आणि तिला खाईल, हे तिला ठाऊक होतं. त्यात तिला वावगं काही वाटलं नाही. आयुष्यभर दर्याने तिला खाऊ घातलं होतं. तिने हात जोडले, आणि या वेळी इकडेतिकडे पाहिलं नाही.

मंगळवारी पहाटे बादली रिकामी होती, तरी ती सवयीने उठलीच. शेगडीवर पेज ठेवून ओट्यावर आली, तर वासुदेव आधीच पायरीवर बसला होता. काठी बाजूला, पाय पुढे. पाण्याची बाटली त्याच्या हातात होती. तो स्वतः धूत होता, नीट, बोटांच्या फटींतून, न्हाणीत दार लावून नव्हे, तर उघड्यावर. ती शेजारी बसली. चांगलं उजाडलं होतं. पायावर उजेडाचा कणही नव्हता. नुसता म्हाताऱ्या माणसाचा पाय.

"शेवटच्या दिवशी," तो म्हणाला, आणि थांबला. तिला वाटलं, संपलं. पण त्याने बाटली खाली ठेवली. "रापणीच्या शेवटच्या दिवशी मी पंचो वर केलंय ना, पाण्यात कायच नव्हता. माका दिसत होता. कायच नाय. पण अकरा दिवस माणसां वाळूत बसान होती, माझ्या हाताकडे बघीत. म्हणान केलंय."

शेवंती त्याच्या जवळ सरकून बसली.

"तीन तास ओढल्यानी. जाळ्यात काय, तर चिखल. कोणी एक शब्द बोलाक नाय. शिव्या घातल्यानी असती तर बरा झाला असता. त्या दिसापासून तोंड उघडूची लाज वाटली." त्याने ओली बोटं पंच्याला पुसली. "तू पण दोरीक होतंस."

"होतंय."

"तुका कधी कळला?"

"दोरी हलकी होती," ती म्हणाली. "पयल्या ओढीतच कळला."

त्याने मान वळवून तिच्याकडे पाहिलं.

"मग तीन तास ओढलंस कित्याक?"

"तुमी हात वर केलात म्हणान."

तो बघतच राहिला. मग त्याने सुरुवात केली, अगदी पहिल्या दिवसापासून, त्याच्या बापाने त्याला खडपावर उभं करून पाणी वाचायला शिकवलं तिथून. ऊन पायरीवर आलं, मग ओट्यावर चढलं. आतून पेज करपल्याचा वास येऊ लागला. शेवंती उठली नाही.